माठ फोडला, आस शोधला

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग मोजतो. पट्टी लावून नव्हे. स्कॅनरने भागाची त्रिमित प्रत घ्यायची, ती मूळ डिझाइनवर बसवायची आणि कुठे किती सरकलंय याचा रंगीत नकाशा गिऱ्हाइकाला पाठवायचा. हिरवं दिसलं तर पास, लाल दिसलं तर फोन येणार. ह्या बसवण्याला आमच्याकडे 'बेस्ट फिट' म्हणतात आणि ते एका बटणाचं काम आहे.

माझी भाची पुरातत्त्वात एम.ए. करतेय. तिने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. फुटक्या भांड्याचे तुकडे हवेत तरंगत येतात, एकमेकांना अलगद चिकटतात आणि दहा सेकंदांत अख्खा रांजण उभा राहतो. मागे गंभीर संगीत. असले व्हिडिओ हल्ली पोत्याने मिळतात. माझ्यातल्या इन्स्पेक्शनवाल्याला प्रश्न पडला तो एवढाच, की हे बसवताय कशावर? आमच्याकडे ड्रॉइंग असतं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराने ड्रॉइंग ठेवलेलं नाही. तुकडा बसवायचा तो दुसऱ्या तुकड्यावर, आणि त्या दुसऱ्याचाही पत्ता लागलेला नाही.

"मग तू करून बघ ना मामा, तुझ्याकडे सगळं सॉफ्टवेअर आहे," भाची म्हणाली. पुढचे बरेच शनिवार-रविवार त्यात गेले.

कसब्यातल्या कुंभारवाड्यातून एक लहान माठ आणला. रंगवलेला मुद्दाम घेतला नाही. फोटोंवरून मॉडेल करायचं तर चमक हा मोठा शत्रू असतो. कॅमेरा हलला की चमकेची जागाही हलते आणि सॉफ्टवेअर त्या चमकेलाच खूण समजून बसतं. साधा, विटेच्या रंगाचा, खरबरीत माठ ह्या कामाला उत्तम. आधी अख्ख्या माठाचं मॉडेल करून ठेवलं, म्हणजे शेवटी ताडून बघायला काहीतरी हवं. मग माठ गोणपाटात गुंडाळून गच्चीवर कमरेच्या उंचीवरून सोडला. गोणपाट एवढ्यासाठी की बारीक कपचे उडून जाऊ नयेत.

खालून आई ओरडली, "काय फुटलं रे?"

"माठ!"

"भरलेला?"

तुकडे माझ्या हाती येण्याआधी भाचीने गोणपाट ताब्यात घेतलं. उत्खननात माल असा धुतलेला, मोजलेला मिळत नाही म्हणे. तिने मूठभर खापरं बाजूला काढून लपवली, कारण सगळे तुकडे कधीच सापडत नाहीत. उरलेल्यांतल्या बऱ्याच खापरांच्या कडा सँडपेपरने घासल्या. मातीत पडलेल्या, पाण्याने वाहून आलेल्या, नांगराने उलटसुलट झालेल्या खापराची कड धारदार राहत नाही. आणखीही काहीतरी केलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण विचारल्यावर "तूच शोध" एवढंच.

फोटो काढायला केक सजवायचं फिरतं ताट वापरलं. ताटावर काळं कापड, त्यावर खापर, शेजारी मोजपट्टी, दोन बाजूंनी ट्रेसिंग पेपरमागे दिवे. थोडं थोडं फिरवत फोटो घ्यायचे, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला बराच भाग आला पाहिजे. मग खापर उलटं करून पुन्हा तेच. पार्श्वभूमी एकसारखी काळी असेल तर सॉफ्टवेअरला खापर उलटं केल्याचा पत्ता लागत नाही. ते दोन्ही बाजू एकाच वस्तूच्या समजून जोडतं, आणि आपल्याला तेच हवं असतं. मोजपट्टी विसरून चालत नाही. नुसत्या फोटोंवरून आकार कळतो, माप कळत नाही. सॉफ्टवेअरच्या लेखी बोळकं आणि रांजण सारखेच. मी 'मेशरूम' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरलं, पुढची जुळवाजुळव 'क्लाउडकंपेअर'मध्ये. तेही फुकट आहे. ऑफिसचं महागडं लायसन्स माठासाठी वापरणं बरं दिसलं नसतं.

प्रत्येक खापराला तीन प्रकारचे पृष्ठभाग असतात. बाहेरचा, आतला आणि फुटलेल्या कडांचा. जिगसॉ कोड्याच्या सवयीने आपण थेट कडांकडे जातो, आणि व्हिडिओवालेही तेच दाखवतात. गणित बघा. चाळीस तुकडे असतील तर जोड्या होतात ७८०. हजार तुकडे असतील तर ४,९९,५००. प्रत्येक जोडी अनेक प्रकारे लावून बघायची. संगणकाला संख्येची भीती नाही हे खरं, पण अडचण वेगळीच आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांवर बसवायची नेहमीची पद्धत म्हणजे आयसीपी, 'इटरेटिव्ह क्लोजेस्ट पॉइंट'. पॉल बेस्ल आणि नील मॅके यांनी १९९२ साली मांडलेली. एका पृष्ठभागावरच्या बिंदूंना दुसऱ्यावरचे सगळ्यात जवळचे बिंदू शोधायचे, अंतर कमीत कमी होईल असं सरकवायचं, परत जवळचे बिंदू शोधायचे, परत सरकवायचं. माझ्या ऑफिसातलं ते बटण आतून हेच करतं. ही पद्धत सुरुवात बरोबर जागेच्या आसपास झाली तरच बरोबर जागी पोचते. नाहीतर जिथे पहिल्यांदा बऱ्यापैकी बसलं तिथेच मुक्काम करते.

आणि माठाची कड असते केवढी? पाच-सहा मिलिमीटर रुंदीची पट्टी. तीही घासलेली. अशी पट्टी दुसऱ्या कुठल्याही पट्टीवर थोडी मागेपुढे करून 'बऱ्यापैकी' बसतेच. माझ्या पडद्यावर एका खापराला सहा-सहा जोडीदार मिळत होते आणि सगळ्यांचे आकडे चांगले. नुसत्या आकड्यांवर भरवसा ठेवला असता तर माठाऐवजी फुलकोबी तयार झाला असता.

इथे लोक म्हणतात, एआय आहे ना आता. आहे. २०२२ साली काही संशोधकांनी संगणकातच फोडलेल्या दहा लाखांहून अधिक वस्तूंचा संच खुला केला, आणि त्यावर शिकवलेली मॉडेल्स पटापट येऊ लागली. त्यांचं काम मी कमी लेखत नाही. पण संगणकात फोडलेल्या वस्तूची कड कोरी करकरीत असते, कपचे उडत नाहीत आणि तुकडे हरवत नाहीत. भाचीचा सँडपेपर तिथे कुणी फिरवलेला नाही.

मला वाट सापडली ती भाचीच्या वहीत. भांड्याचं चित्र काढायची त्यांची एक ठरलेली रीत असते, पहिल्याच वर्षी शिकवतात. काठाचं खापर घ्यायचं, टेबलावर उपडं ठेवायचं आणि काठाच्या खालून उजेडाची फट दिसेनाशी होईपर्यंत पुढेमागे कलवायचं. फट गेली की खापर भांड्यात असताना ज्या कोनात होतं त्या कोनात आलं. मग एकात एक वर्तुळं काढलेल्या तक्त्यावर ते ठेवून बघायचं, कुठल्या वर्तुळावर चपखल बसतं. त्यावरून तोंडाचा व्यास मिळतो. तक्त्यावर टक्क्यांच्या रेघाही असतात, म्हणजे हा तुकडा पूर्ण वर्तुळाच्या किती टक्के आहे तेही कळतं. मग सुयांच्या कंगव्यासारख्या एका मापकाने बाहेरच्या वळणाचा ठसा घ्यायचा, कॅलिपरने जाडी मोजायची आणि कागदावर मधली रेघ ओढून एका अर्ध्यात छेद, दुसऱ्या अर्ध्यात बाहेरचं रूप काढायचं. एका खापरावरून अख्खं भांडं. शेजारचा तुकडा कोणता, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही!

काठाची खापरं तशी तक्त्यावर ठेवून मी टक्के मांडत गेलो. बेरीज आली ११८. कुठल्याही माठाला ११८ टक्के काठ असत नाही. भाचीला फोन केला, "दुसऱ्या माठाची खापरं मिसळलीस ना?" ती इतकी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. खड्ड्यात एकाच भांड्याचे तुकडे मिळतात असं कुणी सांगितलं, वगैरे. व्यास दोन्हींचे जवळजवळ सारखे होते, त्यामुळे नुसत्या नजरेला ते लक्षात आलं नसतं. एकदा कळल्यावर मात्र वेगळं करणं सोपं गेलं. कडेला बघितलं तर एका माठाच्या मातीत मधोमध काळपट गाभा होता, आव्यात आच आतपर्यंत नीट न पोचल्याची खूण; दुसरा आरपार तांबडा.

तर मधली रेघ. सगळा खेळ तिचा आहे. चाकावर घडवलेलं भांडं एका आसाभोवती, म्हणजे मधोमध जाणाऱ्या काल्पनिक उभ्या रेघेभोवती, फिरलेलं असतं. त्याच्या पृष्ठभागावर कुठेही काटकोनात सुई टोचली आणि ती आरपार लांबवली, तर ती त्या आसाला जाऊन छेदते. खापर केवढंही असो, त्याच्यावरच्या हजारो बिंदूंमधून अशा सुया काढायच्या आणि त्या सगळ्यांच्या जास्तीत जास्त जवळून जाणारी एक सरळ रेघ शोधायची. तो झाला त्या भांड्याचा आस. व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठात रॉबर्ट साब्लाटनिग आणि मार्टिन काम्पेल यांनी उत्खननातल्या खापरांवर ह्याच दिशेने बरंच काम केलं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाकडे जॉर्डनमधल्या पेट्रा इथल्या मोठ्या मंदिराच्या उत्खननातली खापरं होती. तिथल्या अँड्र्यू विलिस आणि डेव्हिड कूपर यांनी २००४च्या सुमारास आस, भांड्याची बाह्यरेषा आणि फुटलेल्या कडा ह्या तिन्हींचा पुरावा एकत्र तोलणारी पद्धत मांडली. ते वाचताना मला भाचीच्या वहीतली मधली रेघच दिसत होती, फक्त संभाव्यतेच्या गणितात लिहिलेली.

आस मिळाल्याने काय होतं ते माझ्या भाषेत सांगतो. हवेत तरंगणाऱ्या तुकड्याला सहा प्रकारची मोकळीक असते. तीन दिशांना सरकणं, तीन प्रकारे वळणं. त्याचा आस भांड्याच्या आसावर ठेवला की चार गेल्या. उरल्या दोनच. आसावर वर-खाली आणि आसाभोवती गोल. वर-खालीचा निकालही बहुधा लागतो, कारण गळ्याजवळचं वळण वेगळं, पोटाचं वेगळं, बुडाचं वेगळं. मग प्रत्येक खापर आपापल्या उंचीवरच्या कड्यात फक्त गोल फिरू शकतं. आता कडा जुळवा. सहा जोडीदारांपैकी चार-पाच आपोआप बाद होतात, कारण ते त्या उंचीवरचे नसतातच. खापर सुलट की उलट एवढं तेवढं बघून घ्यायचं. आसाला वर कुठे आणि खाली कुठे ते ठाऊक नसतं.

एक फट मात्र आहे. माठाचं पोट बरंचसं गोल असतं, चेंडूसारखं. चेंडूच्या तुकड्यातून काढलेल्या सगळ्या सुया एका बिंदूत मिळतात आणि त्या बिंदूतून जाणारी कुठलीही रेघ आस म्हणून चालते. म्हणजे पोटाचं छोटं खापर 'मी कुठलं' हे सांगू शकत नाही. तिथे आतल्या बाजूच्या बारीक फिरवट रेषा कामी येतात. कुंभाराच्या बोटांच्या त्या रेषा आसाला काटकोनात असतात, त्यामुळे खापर कसं उभं होतं ते त्या सांगतात.

माझ्या माठाच्या पोटात त्या रेषा दिसेनात. गळ्याला आणि काठाला स्पष्ट, पोटाला नाहीत. उलट आतून उथळ खळगे खळगे. आसही गळ्याच्या खापरांचा सरळ मिळत होता आणि पोटाच्या खापरांचा दोन-तीन अंशांनी भरकटत होता. फोटोंत गडबड असावी म्हणून पुन्हा काढून पाहिले, फरक पडला नाही. म्हणून कुंभारवाड्यात जाऊन ज्यांच्याकडून माठ घेतला त्या काकांनाच खापर दाखवलं. त्यांनी अंगठ्याने आतला खळगा चाचपला. "चाकावर गळा आणि काठ तेवढा पुरा होतो. पोट जाडच ठेवायचं. माल जरा सुकला की आतून दगडाचा गोळा धरायचा नि बाहेरून थापी मारायची. फुगतं पण नि पातळ पण होतं." मग माझ्याकडे बघून, "तुम्ही फोडला का?"

म्हणजे माझा माठ अर्धा चाकाचा, अर्धा थापीचा. पोटाला गणिताच्या अर्थाने आस नाहीच, फक्त आसाकडे झुकलेला कल आहे. मग मी गळ्यावरून मिळालेला आस पक्का धरला आणि पोटाच्या खापरांना तीन-चार अंशांची ढिलाई दिली. एवढ्यावर काम भागलं.

काठाचं कडं जोडताना आणखी एक गोष्ट बघायला मिळाली. एकाला एक जोडत गोल फिरलो की शेवटच्या खापराला जागा तीन मिलिमीटरने कमी पडते. प्रत्येक सांध्यातली इवलीशी चूक साचत जाते. खऱ्या खापरांच्या सांध्यात चिकट पदार्थाचा थर येतो म्हणून तिथेही हाच ताप, शेवटचा तुकडा बसतच नाही. डिजिटलमध्ये सगळे सांधे सुटे ठेवून, काठ हे वर्तुळच आहे एवढी अट घालून, चूक सगळ्यांत वाटून टाकता येते. मूळ मॉडेलवर ठेवून रंगीत नकाशा काढला, तर गळा हिरवा आणि पोट हिरव्या-पिवळ्याचं मिश्रण. माझ्या गिऱ्हाइकाने रिजेक्ट केला असता.

खरं तर हे सगळं मनात होतं ते आपल्याकडच्या जोर्वे भांड्यांपायी. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे गाव आहे. ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ साली तिथे उत्खनन केलं आणि त्या गावाचं नाव एका अख्ख्या संस्कृतीला मिळालं. तांबूस, मंद पोताची, काळ्या रंगात भौमितिक नक्षी काढलेली, इतकी छान भाजलेली की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. चाकावरची. ही भांडी आसाच्या पद्धतीला सगळ्यात सोयीची, आणि नक्षीच्या आडव्या पट्ट्या तर आयत्याच मिळतात. पट्टी आसाला काटकोनातच असणार.

पण शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८पासून वर्षानुवर्षं खणलं, तिथे ह्याच लोकांनी लहान मुलांना पुरायला वापरलेले कुंभ मिळाले. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे, घराच्या जमिनीखाली. हे जाडेभरडे, हाताने घडवलेले. तिथेच चार पायांचं एक मातीचं मोठं भांडं मिळालं, ज्यात एका प्रौढाला बसलेल्या स्थितीत पुरलं होतं. चार पायांच्या भांड्याला कसला आलाय आस! असा माल फुटला की परत कडा, जाडी आणि मातीचा पोत यांच्यावरच यावं लागतं. कुठलंही एक सॉफ्टवेअर सगळी भांडी जोडेल असं जो सांगतो, त्याने भांडी कमी बघितलीत.

मग डिजिटल कशाला, हा प्रश्न माझ्या आईने विचारला आणि तो रास्त आहे. खरं खापर दर वेळी लावून बघताना कडेचे कण झडतात. दहा जण दहा वेळा लावून बघणार, म्हणजे कड संपली. मॉडेलला ती भीती नाही. मोठा रांजण जोडून उभा केला तर त्याला कपाटही तेवढं लागतं. आणि एकाच भांड्याचे तुकडे दोन गावांतल्या दोन गोदामांत असले, तरी पडद्यावर ते शेजारी येतात. प्रत्यक्ष जोडतानाही संवर्धक सहसा ॲसिटोनमध्ये विरघळणारं पॅरालॉइड बी-७२ वापरतात, म्हणजे चुकलं तर सोडवता येतं. फेव्हिक्विकचं नाव भाचीसमोर काढून बघा.

भाचीने माझ्या तयार मॉडेलवर एकच शेरा मारला, पण नेमका. मी हरवलेल्या जागा आसाभोवती बाह्यरेषा फिरवून भरल्या होत्या आणि दिसायला बरं म्हणून तोच मातीचा रंग दिला होता. "हे खोटं आहे," ती म्हणाली. संग्रहालयात बघा, प्लास्टरने भरलेला भाग जरा वेगळ्या छटेचा ठेवलेला असतो, बघणाऱ्याला खरं किती आणि अंदाज किती हे कळलं पाहिजे. आता माझे भरलेले भाग सपाट राखाडी आहेत, आणि फाइलमध्ये प्रत्येक खापर वेगळ्या नावाने, सुटं करता येईल असं.

हे वाचून कुणाला उत्साह आला तर माठ विकत घेऊन फोडा, शंभर रुपयांचं काम आहे. शेतात, नदीकाठी, पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर दिसलेलं खापर मात्र उचलू नका. ते कुठे, कुठल्या थरात पडलंय ह्यातच अर्धी माहिती असते, आणि घरी आणलं की ती गेली. जागेवर फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.

माझं पुढचं भांडं तोटीचं आहे. जोर्व्याच्या काही भांड्यांना नळीसारखी तोटी असते, म्हणजे एका भांड्यात दोन आस, एक पोटाचा आणि एक तोटीचा, तेही एकमेकांना तिरपे. तोटी कुठल्या खापराला चिकटली होती ते सापडलं की भांड्याची 'पुढची बाजू' ठरते, आणि गोल फिरण्याची मोकळीकही संपते, असा माझा अंदाज आहे. कुंभारकाकांना चित्र नेऊन दाखवलं. थापी न लावता पूर्ण चाकावरच काढून देतो म्हणाले, पण आत्ता पणत्यांची घाई आहे, दिवाळी झाली की या. आणि पैसे आधी, कारण फोडायला मागतोय.